लाल चौकटीत माझी बायको

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे दोघीच, बायको आणि लेक. पण दोन विरुद्ध एक म्हणजे बहुमतच झालं. चोवीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून घरी आलो. तिथं माझ्या एका आवाजावर चाळीस माणसं ताठ उभी राहायची. इथं आमची म्हैससुद्धा माझं ऐकत नाही, ती बायकोचंच ऐकते.

आमचं गाव सास्तूरच्या पलीकडं. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव बसलं आणि मग माळावर हे नवं गाव उठलं. सरळ रस्ते, एकासारखी एक घरं, मधोमध मोठं मैदान. भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आमचं घर पडलं, पण आम्ही सगळे रानात वस्तीवर होतो म्हणून वाचलो. ढिगारे उपसायला फौज आली. ती माणसं मी आठ दिवस बघत होतो. फार बोलायची नाहीत, नुसती उपसायची. पुढच्याच वर्षी मी भरतीला जाऊन उभा राहिलो. आमच्या भागातली बरीच पोरं तेव्हा अशीच गेली.

बायको शेजारच्या गावची. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि ढिगाऱ्याखाली होती. एक दिवस आणि वर थोडं. याहून जास्त मला काहीच ठाऊक नव्हतं. लग्नाला चोवीस-पंचवीस वर्षं झाली, तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या भागात कुणी कुणाला विचारत नाही. सरकारनं दिलेलं घर चांगलं पक्कं आहे, पण ती निजते शेजारच्या पत्र्याच्या शेडात. पत्रा पडला तर लागतं, माणूस मरत न्हाय, असं तिचं म्हणणं. गावातली निम्मी माणसं अशीच निजतात.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तंटा झाला, तो लेकीच्या नोकरीवरून.

लेक इंजिनियर झाली. शेवटच्या वर्षाला तिनं स्वतःच्या हातानं एक ड्रोन जुळवलं होतं. सुटीला आली की ते आमच्या तुरीवर फिरवायची आणि कुठल्या कोपऱ्यात मर रोग लागलाय ते घरात बसून सांगायची. आधी लोक हसले. मग हळूच येऊन, "आमच्या रानावरबी एक चक्कर मार की बाय," म्हणायला लागले. परीक्षा झाली आणि पुण्याकडच्या एका कंपनीचं तिला बोलावणं आलं. ही कंपनी लढाईची ड्रोनं बनवणारी. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं, येते का नाही.

"काम काय असतं गं तिथं?" मी विचारलं.

"मशिनला बघायला शिकवायचं, पप्पा. आता ड्रोन एकेकटं जातं, माणूस खाली बसून चालवतो. पुढं ते थव्यानं जाणार. शंभर-शंभर. मधेच कुणी सिग्नल तोडला तर त्याला माणसाला विचारता येत नाही. मग त्याचं त्यालाच ओळखता यायला पाहिजे, खाली काय आहे. ट्रक आहे का ट्रॅक्टर, घर आहे का बंकर, शिपाई आहे का शेतकरी."

खरं सांगतो, माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची राहिली. सास्तूरला चहाच्या टपरीवर आम्ही पाच-सहा माजी फौजी रोज सकाळी बसतो. तिथं त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. टीव्हीवर रोज ड्रोनच ड्रोन. एक म्हणायचा, पुढची लढाई नुसती बटनावर. दुसरा म्हणायचा, मग शिपाई कशाला लागेल, चार्जर लावायला? मी ऐटीत सांगितलं, त्या मशिनचे डोळे माझी पोरगी तयार करणार आहे. त्या दिवशीचा चहा माझ्या नावावर पडला.

माझ्या आनंदाला कारण होतं. भूमकडचा माझा एक सोबती सीमेवर गेला. त्याला मी स्वतः पेटीतून घरी आणलं होतं. त्याच्या आईनं पेटीवर हात फिरवला आणि मला विचारलं, "आत तोच हाय न्हवं?" मी व्हय म्हणालो. त्या दिवसापासून मला वाटत आलं, की लढायचंच असेल तर लोखंडानं लोखंडाशी लढावं, पोरांना कशाला मधे घालता? आता ते दिवस खरंच येत होते, आणि आणणाऱ्यांत माझी लेक असणार होती.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती तेव्हा भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आन् ते जिथं जाऊन पडतंय, तिथंबी लोखंडच असतंय व्हय?"

"अगं, शत्रू असतो तिथं."

"शत्रूच्या डोस्क्यावर छप्पर नसतंय का? म्या छपराखाली हुते. माझ्या पोटची पोर लोकाच्या अंगावर छप्पर पाडायचं काम करणार न्हाय. इथं बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या आन् तिकडं कुणाचं घर बसायचं. बास झालं."

मी आवाज चढवला. देश म्हणालो, कर्तव्य म्हणालो, फौजीची बायको असून असं बोलतेस म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरी मात्र माझ्या ताटात करपलेली आली.

लेकीनं भांडण केलं नाही, तेच मला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "आई व्हय म्हणल्याशिवाय मी जाणार नाही." पोरीचं शिक्षण आईनंच रेटलं होतं. मी सीमेवर असताना भावकीशी भांडून, एसटीत स्वतः बसून तिला आठवीलाच सोलापूरच्या शाळेत नेऊन सोडलं होतं. त्या आईला दुखवून पोरगी पाऊल उचलणार नव्हती. पण पोरीचा चेहरा मला दिसत होता. दिवसभर लॅपटॉप मांडीवर, आणि नजर दुसरीकडंच. चार वर्षं तिनं याच कामाचं स्वप्न बघितलं होतं.

मी बायकोला वळवायचे सगळे उपाय केले. म्हशीचं शेण काढलं. पाहुण्यांच्या लग्नाला न कुरकुरता गेलो. खालाकडून रदबदली करवून बघितली. खाला म्हणजे आमच्या समोरच्या घरातली म्हातारी, बायकोची जिवाभावाची. खाला गेली, अर्धा तास बसली, चहा पिऊन परत आली आणि मलाच म्हणाली, "बेटा, वो सही बोलती. तूच गप बैठ." घ्या!

त्याच आठवड्यात तालुक्याहून निरोप आला. हवाई हल्ला झाला तर काय करायचं याचा सराव गावोगाव घ्यायचा, आणि माजी सैनिकांनी पुढाकार घ्यायचा. आमच्या गावात माजी सैनिक म्हणजे मीच. मला तर असं काही पाहिजेच होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भोंगा वाजला की घरात जा. दारं-खिडक्या लावा. भिंतीच्या कोपऱ्यात खाली बसा. बाहेर येऊ नका. दोन दिवस ग्रामपंचायतीपुढं लोकांना बसवून समजावलं. "कळलं का?" म्हणालो की सगळे "व्हय व्हय" म्हणायचे. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आमचे लोक एकदा व्हय म्हणाले तर पटलेलं असतं, दोनदा म्हणाले तर उठायची घाई असते.

गावात भोंगा कुठला? मोबाईलवर आवाज काढला, तो ग्रामपंचायतीच्या माइकसमोर धरायचा ठरला. मशिदीनं आणि महादेवाच्या देवळानंही आपापले कर्णे जोडून दिले. सकाळी अकराची वेळ. तालुक्याचे साहेब वही घेऊन आले. लेक म्हणाली, "पप्पा, मी वरून शूटिंग करते. मोकळे रस्ते कसे दिसतात ते तुम्हाला दाखवता येईल." तिनं मैदानाच्या कडेला उभं राहून ड्रोन वर सोडलं. मी ग्रामपंचायतीच्या खोलीत माइकपाशी गेलो आणि मोबाईलचं बटन दाबलं.

तिन्हीकडून एकदम भोंगा उठला. आणि काय सांगू! घरात जायचं सोडून अख्खं गाव बाहेर पळालं. पोरं काखेत मारून बाया निघाल्या, दुकानदार तराजू टाकून निघाला, सरपंच अर्ध्या दाढीला साबण तसाच घेऊन निघाले. कुणी मराठीत ओरडतंय, कुणी कानडीत, खाला शेळी उचलून "अगे माँ, भुईकंप आया!" करत धावतेय. सगळे कुठं? तर मधल्या मैदानात. सगळ्यांच्या पुढं माझी बायको, पदर खोचलेला, शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढत. तीस वर्षं होऊन गेली तरी आमच्या गावाच्या पायांना एकच गोष्ट पाठ आहे: काही मोठं वाजलं, हललं, की छप्पर सोड आणि आभाळाखाली जा.

मी रागानं लाल झालो. "आत जा! आत जा रे!" असं ओरडायला तोंड उघडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा मैदानात उभा आहे. भोंगा माझाच, बटन मीच दाबलं, आणि तरी कधी पळालो ते माझं मला कळलं नाही. मोबाईल तिकडं माइकपाशी तसाच ओरडत पडला होता.

एक क्षण सगळं गाव एकमेकांकडं बघत राहिलं. मग सरपंचांनी गालावरचा साबण पुसला, खालाची शेळी ओरडली आणि जे हसू फुटलं ते थांबेना. साहेबही हसले. जाताना वहीत काय लिहिलं म्हणून मी वाकून बघितलं, तर लिहिलं होतं, "ग्रामस्थ अत्यंत कमी वेळात मोकळ्या जागी जमले." मी म्हणालो, साहेब, हे तर उलटं झालं. ते म्हणाले, "सुभेदार, तुम्ही सांगू नका, मी विचारत नाही."

त्या दिवशी दुपारी मी शेडात आडवा पडलो होतो. लेक लॅपटॉप घेऊन आली. निवड करताना कंपनीनं तिला सरावासाठी एक प्रोग्राम दिला होता. वरून घेतलेलं शूटिंग त्याला दाखवलं की तो माणसांभोवती चौकटी काढतो. हिरवी म्हणजे साधा माणूस, पिवळी म्हणजे संशय, लाल म्हणजे धोका. तिनं गंमत म्हणून आमचा सकाळचा गोंधळ त्याला दाखवला होता.

आधी मला लई हसू आलं. वरून गाव मुंग्यांच्या वारुळावर पाणी ओतल्यासारखं दिसत होतं. माझी टोपी ओळखू आली, सरपंचांचा पांढरा गाल ओळखू आला. सगळ्यांभोवती हिरव्या चौकटी. मग माणसं मैदानाकडं वळली तशा चौकटी पिवळ्या झाल्या. मैदानात पोचता पोचता एकेक लाल व्हायला लागली. सगळ्यात आधी लाल झाली ती सगळ्यात पुढची, हिरव्या लुगड्याची. तिनं एका म्हाताऱ्याला दंडाला धरलं होतं. ती माझी बायको होती.

"हे लाल कशापायी?" मी उठून बसलो.

लेकीचा आवाज बारीक झाला. "त्याला असं शिकवलंय, पप्पा. भोंगा झाला की साधी माणसं घरात लपतात. जी माणसं उघड्यावर येऊन एका जागी झपाट्यानं जमतात, ती लढणारी. तो म्हणतोय, हा हल्ल्यासाठी जमलेला जमाव आहे."

"आणि खरोखरचं असतं तर?"

तिनं शूटिंग तिथंच थांबवलं.  मी चोवीस वर्षं फौजेत होतो, लाल चौकटीचं पुढं काय होतं ते मला तिनं सांगायला नको होतं.

माझं डोकं असं फिरलं की मी लॅपटॉप फाटकन मिटला. "न्हाय जायचं. तुझी आई बरोबर म्हणती. उद्याच्या उद्या नाही म्हणून कळव त्यांना!" मी इतका ओरडलो की समोरून खाला दारात आली. बायको अंगणात डाळ पाखडत होती, ती सूप तसंच हातात घेऊन आत आली. सहा दिवस जी गोष्ट मी तिच्या गळी उतरवत होतो ती मीच थुंकून टाकली, हे ऐकून तिला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.

"दाव मला," ती लेकीला म्हणाली.

लेकीनं दाखवलं. बायकोनं तीनदा बघितलं. स्वतःला बघितलं, लाल चौकट बघितली. तिला सगळं नीट समजावून घ्यायचं होतं. कुठला रंग कधी आणि का, ते तिनं खोदून खोदून विचारलं. मी मधे मधे बडबडत होतोच. शेवटी मी एक गोष्ट सांगितली, जी मी घरी कधी सांगितली नव्हती.

सीमेवर हिवाळ्यातली सकाळ होती. धुकं असं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. मग ते जरा विरळ झालं आणि तारेजवळ कुणीतरी वाकून चालताना दिसलं. हुकूम स्पष्ट होता, तारेजवळ दिसेल त्याला टिपायचं. बोट बंदुकीच्या घोड्यावर होतं. पण मला त्या माणसाची चाल ओळखीची वाटली. दोन पावलं, वाकणं, हात खाली, पुन्हा दोन पावलं. आमच्याकडं हरभऱ्याच्या रानात भाजी खुडणारी बाई अशीच चालते. मी बोट काढलं. धुकं गेलं तेव्हा दिसलं, खरंच एक म्हातारी होती, ओटीत कसलातरी पाला खुडत होती.

"मी हरभऱ्याच्या रानात वाढलो म्हणून ती वाचली," मी म्हणालो. "तुमच्या मशिननं हरभरा कवा बघितलाय? म्हणून म्हणतो, असल्या कामात आपली पोर नको."

बायकोनं सूप खाली ठेवलं. "तुमाला चाल ठावी हुती म्हणून तुमी बोट काढलं. मग जिला आपली चाल ठावी हाय, तिनंच तितं जायाला नगं का?"



ती खाली बसली. लेकीचा हात धरला आणि भिंतीकडं बघून बोलायला लागली, फार हळू. "दुसऱ्या दिवशी मशीन आलं हुतं. हातानं उपसणारी माणसं दमली, मग ते मोठं, दाताचं मशीन. वरून लई आवाज यायचा. छपराची, माळवदाची माती माझ्या तोंडावर गळायला लागली. म्या वरडत हुते, पर मशिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मग एक माणूस वरडला, थांबा! बंद करा! आन् ते बंद झालं. एकदम गप झालं सगळं. तवा म्या वरडले, तवा ऐकू गेलं त्यास्नी."

"कोण होता तो?" लेकीनं विचारलं.

"काय की. फौजी हुता म्हणत्यात. त्यानं का थांबवलं तेबी कुणाला ठावं न्हाय. त्याला काय की वाटलं, बास. त्याचं त्वांडबी म्या बघितलं न्हाय, डोळ्यांत माती हुती. मला चादरीत घालून नेलं आन् तो पुढच्या ढिगाऱ्यावर गेला." तिनं लेकीचा हात दाबला. "मशीन वाईट नव्हतं, पोरी. त्याच मशिननं नंतर आमच्या गल्लीतली तीन माणसं काढली. पर मशिनपाशी तो माणूस हुता म्हणून म्या हाय. तू हायस. असली मशिनं आता येणारच हायती, आपण नगं म्हणल्यानं राहणार न्हायती. तितं थांबा म्हणणारं कुणीतरी पायजे का नगं?"

लेक रडत होती. मी छताच्या पत्र्याकडं बघत बसलो. पंचवीस वर्षं संसार केला आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला माझीच लाज वाटली.

"तू जा," बायको म्हणाली. "पर त्या माणसाचं काम करायला जा. दुसरं काय करायला लावलं तर उठून ये. घर हाय इतं."

लेकीनं त्याच संध्याकाळी कंपनीला कळवलं. सोबत आमच्या गावाचं ते शूटिंग जोडलं आणि लिहिलं: हे बघा. तुमचं मशीन माझ्या आईला शत्रू म्हणतंय. मी यायला तयार आहे, पण ही चूक दुरुस्त करायला, आणि शेवटचा हुकूम माणसाच्याच हातात राहील असं मशीन बनवणाऱ्यांच्या बाजूला. वाचून मी कपाळावर हात मारला. भरती व्हायच्या आधीच अटी घालणारा रिक्रूट मी जन्मात बघितला नव्हता! आमच्या वेळी असं केलं असतं तर कवायत घेणाऱ्या उस्तादानं मैदानाला पन्नास चकरा मारायला लावल्या असत्या. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. बायको शांत होती. मीच दर अर्ध्या तासानं "आलं का काही?" विचारून पोरीचा जीव खाल्ला.

रविवारी फोन आला. कंपनीतल्या कुणी मोठ्या बाई होत्या, बोलायला मात्र साध्या. त्यांनी शूटिंग चार वेळा बघितलं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या गावातले सगळे बाहेर का पळाले?" लेकीनं फोन आईच्या हातात दिला. आणि जी बाई पाहुण्यांपुढं दोन वाक्यं बोलत नाही ती अर्धा तास बोलली. माळवद सांगितलं, माती सांगितली, पत्र्याचं शेड सांगितलं, पायांना काय पाठ आहे ते सांगितलं. पलीकडची बाई मधे एकदाही बोलली नाही. शेवटी तिनं विचारलं, "तुमच्या मुलीला उद्या पाठवाल का?"

"धाडते की," बायको म्हणाली. "पर तिचं ऐकायचं बगा."

जळकोटच्या फाट्यावर मी पोरीला गाडीत बसवून दिलं. गाडी लांब गेल्यावर बायको मला म्हणाली, "आता घरी जाऊन आदळआपट करू नगा, पोहे करते." माझं मन तिला न सांगताच कळतं, आणि त्याचाही मला रागच येतो.

पाच-सहा महिने झाले. लेक फोन करायची, कामाचं फार सांगत नसायची, सांगता येत नाही म्हणायची. मीही फौजी, मला ते कळत होतं. पण बायको रोज एकच विचारायची, "ऐकत्यात का गं तुझं?" आणि लेक म्हणायची, "ऐकतात, आई. कधी ऐकतात, कधी भांडावं लागतं." एवढ्यावर आमचं समाधान नव्हतं, पण करणार काय.

मग एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. पोरीचा चेहरा थकलेला, पण डोळे चमकत होते. ती म्हणाली, सराव चालला होता. कुठल्यातरी गावाचं जुनं शूटिंग मशिनला दाखवत होते. एक गाडी येऊन थांबली आणि चारी बाजूंनी माणसं तिच्यावर धावली. हातात काहीतरी घेऊन. मशिननं सगळ्यांना लाल केलं आणि पुढची पायरी, म्हणजे नेम धरायची, सुरू झाली. खोलीत दहा-बारा मोठी माणसं होती, कुणी काही बोललं नाही.

"मग?" बायकोनं विचारलं. ती मोबाईलच्या इतकी जवळ गेली होती की मला काही दिसेना.

"मी उभी राहिले, आई. म्हणाले, थांबा, बंद करा. तो पाण्याचा टँकर आहे. त्या बायांच्या हातात घागरी आहेत."

"आन्? थांबले का?"

"थांबले. सगळं बंद केलं. मोठ्या बाईंनी परत मागं नेऊन बघितलं, तर घागरीच. आता ठरलंय, माणूस बघितल्याशिवाय लालच्या पुढं काहीच जायचं नाही. आणि जगातली माणसं कशी कशी धावतात ते मशिनला आधी शिकवायचं. ते काम मला दिलंय."

 बायकोनं मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि पोरीकडं बघत राहिली. पलीकडून लेक "आई? दिसतंय का? नेट गेलं का?" विचारत होती.

"दिसतंय," बायको म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "त्या माणसाचं त्वांड म्या कवाच बघितलं नव्हतं. आज बघितलं."

मी रडलो. सांगायला लाज कसली.